कोकणच्या वळणांवर हेल्मेटमधला हेडसेट: लावावा कसा, ऐकावं काय

विचारणा अशी आहे. पुण्याहून दोन बाइकवर दोन जोडपी श्रावणात निघणार आहेत. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोटीत चढून पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. हेल्मेटला वायरलेस हेडसेट लावावा का, घाटात तो चालतो का, पावसात टिकतो का, आणि गाडी चालवताना गाणी नि फोन चालतील का, असं त्यांनी विचारलंय. मी चिपळूणला हेल्मेट आणि बाइकच्या सामानाचं काम करतो, हेडसेट बसवून देतो, आणि याच किनाऱ्याने ग्रुप घेऊन जातो. तेव्हा जे रोज बघतो त्यावरून सांगतो.

लावा. दोन बाइक असतील तर नक्की लावा. हेडसेट नसला की लोक काय करतात ते मी बघतो: बोलायचं असलं की दोन गाड्या शेजारी-शेजारी आणून, व्हायझर वर करून, ओरडत जातात. म्हसळ्याच्या पुढच्या अरुंद रस्त्यावर याच्याइतकं वाईट काही नाही. नाहीतर एका हाताने खिशातला फोन काढून नकाशा बघतात. हेडसेटने हे दोन्ही बंद होतं. शिवाय मागे बसलेल्या माणसाला 'पाठ धरली, थांबूया' एवढं सांगायला खांदा हलवावा लागत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं मी तिच्यावरच ठरवतो. कोकणातल्या रस्त्यावर वळणापलीकडचं आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर. रस्ता जांभ्यात खोदून काढलेला, दोन्ही बाजूंना भिंत. श्रावणात गवत नि झाडोरा डांबराच्या कडेपर्यंत येतो. समोरून येणारी एसटी दिसते तेव्हा ती पंचवीस-तीस पावलांवर असते. इथला ड्रायव्हर प्रत्येक आंधळ्या वळणाआधी लांब हॉर्न देतो आणि इथला बाइकवाला तो ऐकून आधीच वेग टाकून डावीकडे सरकलेला असतो. हॉर्नवरून गाडी चढतेय की उतरतेय, ट्रक आहे की बस, हेसुद्धा सवयीने कळायला लागतं. तुमच्या कानात गाणं असेल तर ही सगळी वार्ता तुमच्यापर्यंत पोचतच नाही. बस दिसते तेव्हाच ती आहे हे कळतं, आणि तोवर तुम्ही रस्त्याच्या मधोमध असता.

म्हणून गाण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या सरळ पट्ट्यात हळू आवाजात काही लावलंत तर मी अडवणार नाही. तुमच्या वाटेवर तो पट्टा फार लागतच नाही. माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळलात की गाणी बंद, थेट रत्नागिरीपर्यंत. ताम्हिणीतही बंद.

फोनवर बोलणं तर कुठेच नको. हात हँडलवर असले तरी डोकं फोनवर असतं. हँड्स-फ्री बोलतानाही ब्रेक दाबायला उशीर होतो, हे सिम्युलेटरवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मागे बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यात मोठा फरक आहे. तुमची बायको मागे बसलेली असते, तिलाही वळण दिसतं, ती आपोआप गप्प होते. ऑफिसातल्या माणसाला तुमचं वळण दिसत नाही, तो बोलतच राहतो आणि तुम्ही 'हो हो' करत वळणात शिरता. निघण्यापूर्वी फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका. हेडसेटमध्ये फोन आपोआप उचलण्याची सोय असते, काही सेटमध्ये ती आधीपासून चालूच असते, ती शोधून बंद करा. घरच्यांना मागे बसणाऱ्याचा नंबर द्या. मागे बसणाऱ्याचा फोन त्याच्याच हेडसेटला जोडलेला असू द्या, म्हणजे निरोप घ्यायला माणूस आहे आणि गाडी चालवणारा मोकळा आहे.

आता आवाजाची दुसरी बाजू, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज प्रचंड असतो. ताशी 80 ते 100 किलोमीटर वेगाला चांगल्या फुल-फेस हेल्मेटमध्येही तो 90 डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था 85 डेसिबलला 8 तासांची मर्यादा सांगते, आणि दर 3 डेसिबलला ती मर्यादा निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला एक तास. आता या वाऱ्यावर मात करायला तुम्ही स्पीकर वाढवता, तो 94च्याही वर जातो, आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर कानात शिट्टी वाजत राहते. ती शिट्टी हा इशारा आहे. झालेलं नुकसान भरून येत नाही.

यावर उपाय म्हणजे फोमचे इअरप्लग, औषधांच्या दुकानात मिळतात तेच. ते सगळ्याच आवाजांना खाली आणतात, वाऱ्यालाही आणि स्पीकरलाही, आणि त्यामुळे उलट शब्द जास्त स्वच्छ कळतात. पण ते महामार्गासाठी. किनाऱ्याच्या रस्त्यावर तुम्ही ताशी 40च्या आसपास असता, तिथे वाऱ्याचा आवाज कमी आणि हॉर्नची गरज जास्त, म्हणून तिथे प्लग काढून खिशात. आवाज किती ठेवावा याचा माझा ठोकताळा असा: गाडी उभी, इंजिन चालू, हेल्मेट घातलेलं, व्हायझर बंद. शेजारी उभ्या माणसाचं साधं बोलणं आणि हेडसेटमधलं बोलणं दोन्ही एकाच वेळी कळलं पाहिजे. त्याच्या वर बटण न्यायचं नाही. वेगात ऐकू येईनासं झालं तर वेग कमी करायचा.

इअरबड घालून वर हेल्मेट चढवणारे आहेत, त्यांना मी दुकानातूनच परावृत्त करतो. बड कान बंद करतात, हेल्मेट चढवताना सरकतात, एक निसटून गालाच्या गादीत अडकला की चालता चालता बोट आत घालायची इच्छा होते. आणि पडलात तर कानात कडक वस्तू असते.

आता बसवण्याबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण 'हेडसेट बेकार निघाला' म्हणून जे सेट माझ्याकडे येतात त्यातले बहुतेक चांगले असतात, फक्त चुकीच्या जागी चिकटवलेले. स्पीकर कानाच्या भोकासमोर हवा. दीड-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर आवाज अर्धा पडतो, आणि माणूस बटण वाढवत बसतो. हेल्मेटमध्ये कानासाठी खळगा असतो, पण तुमचा कान त्या खळग्याच्या मधोमधच येतो असं नाही. बहुतेकांचा थोडा पुढे आणि वर येतो. म्हणून मी असं करतो: कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो त्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावायचा. हेल्मेटचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ताणून, कान न घासता हेल्मेट सरळ खाली उतरवायचं. नीट बसल्यावर बाहेरून दोन्ही गाल दाबायचे, आणि तसेच पट्टे ताणून काढायचं. अस्तरावर लाल खूण उमटलेली असते. स्पीकरचा मध्य त्या खुणेच्या किंचित मागे. दोन्ही बाजूंना वेगळं करा, कारण दोन्ही कान एका रेषेत असतातच असं नाही.

मग खोली बघायची. स्पीकर कानाला टेकायला नको, पण अगदी जवळ हवा. टेकला तर अर्ध्या तासात कान दुखायला लागतो, आणि ते दुखणं डोक्यात जातं. दूर असेल तर सेटबरोबर वेल्क्रोचे जाड तुकडे येतात ते मागे घालून पुढे आणा. खळगा उथळ असेल आणि स्पीकर मावत नसेल तर पातळ स्पीकरचा सेट घ्या किंवा हेल्मेट बदला. आतला फोमसारखा कडक थर, ज्याला ईपीएस म्हणतात, तो ब्लेडने खरवडून जागा करायची नाही. कुणी मेकॅनिक 'दोन मिनिटांत करून देतो' म्हणाला तरी नाही. पडल्यावर धक्का खाऊन तोच थर चेपतो, त्यासाठीच तो आहे. हेल्मेट मात्र आयएसआय चिन्हाचंच, मागे बसणाऱ्याचंही.

मुख्य युनिट, म्हणजे बटणं आणि बॅटरी असलेली डबी, डाव्या बाजूला येतं, कारण उजवा हात अॅक्सिलरेटरवर असतो. ते क्लॅम्पने बसवा. चिकटपट्टीने बसवायचं असेल तर आदल्या दिवशी, कोरड्या कवचावर, आणि रात्रभर तसंच राहू द्या. पावसाळी दमट हवेत घाईने चिकटवलेलं युनिट दुसऱ्या दिवशी लोंबतं. वायर अस्तराच्या आत दाबून घ्या, बाहेर एकही फास राहता कामा नये.

माइकचे दोन प्रकार येतात. फुल-फेस हेल्मेटला बटणासारखा, हनुवटीच्या आत चिकटणारा. पुढून उघडणाऱ्या किंवा अर्ध्या हेल्मेटला दांडीचा. दोन्हींना तोंडाकडची बाजू असते, बारीक खूण किंवा बाण असतो. ती बाजू उलटी बसली की समोरच्याला तुमच्यापेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. माइकवरची फोमची टोपी ओली झाली की आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. कोरडी टोपी जादाची ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हेल्मेटच्याच खोक्यात. उघड्या हेल्मेटवर 'व्हॉक्स', म्हणजे आवाज झाला की माइक आपोआप उघडण्याची सोय, बंदच ठेवा. जयगडहून गणपतीपुळ्याकडे येताना सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, आडवा वारा लागतो, आरे-वारे किनाऱ्याजवळ समुद्रावरचा लागतो, आणि वाऱ्याने उघडलेला माइक चौघांच्याही कानात घोंघावत राहतो.

घाटात चालतो का? चालतो, आणि मोबाइलला रेंज नसतानाही चालतो, कारण इंटरकॉम, म्हणजे हेडसेटचं आपसातलं बोलणं, एका हेल्मेटवरून थेट दुसऱ्यावर जातं. ताम्हिणीत नेटवर्क गेलं तरी तुमचं आपसातलं बोलणं थांबणार नाही. मोबाइलवरच्या अॅपने ग्रुप-कॉल लावून जाणारे मात्र तिथे मुके होतात. पण खोक्यावर लिहिलेलं 1 किलोमीटर किंवा त्याहून मोठं अंतर मोकळ्या मैदानातलं, समोरासमोरचं असतं. या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या, डोंगराच्या सोंडेतून त्या पार जात नाहीत आणि पावसाने भिजलेली दाट झाडीही त्यांना शोषून घेते. मध्ये एक सोंड आली की दोनशे मीटरलाही आवाज तुटतो. तुटला म्हणून वेग वाढवून गाठायला जाऊ नका. पुढच्याने रुंद जागा बघून थांबायचं, हे निघतानाच ठरवा.

कुठला घ्यावा हे चौघांनी बोलायचं आहे की दोघांनी, यावर आहे. साधा ब्लूटूथ इंटरकॉम दोघांसाठी पुरतो. तिसरा-चौथा जोडला की तो साखळीसारखा जोडला जातो, आणि मधला मागे पडला की साखळी तुटते. 'मेश' असलेले सेट, उदाहरणार्थ कार्डो कंपनीचा पॅकटॉक किंवा सेना कंपनीचे मेश असलेले सेट, क्रम बदलला तरी आपोआप पुन्हा जुळतात. ते महाग आहेत, आणि चौघांनाही घ्यायचे तर फारच. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट 'युनिव्हर्सल' पद्धतीने जोडता येतात, पण त्यात एक सेट दुसऱ्याला फोन समजतो. मग खऱ्या फोनची जागा अडते आणि नकाशाचा आवाज येईनासा होतो. म्हणून चौघांनी एकाच कंपनीचे, आणि जमलं तर एकाच मॉडेलचे घ्या. पैसे दोनच सेटचे असतील तर ते दोन्ही चालवणाऱ्यांना लावा. मागच्यांसाठी खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. हे हेडसेटआधीपासून चालत आलंय आणि अजूनही पुरतं.

आता बोलायचं काय. पुढच्या गाडीचं काम रस्ता सांगणं. आधी वस्तू, मग बाजू, बस: 'म्हैस, डावीकडे.' 'खडी, वळणात.' 'एसटी, समोर.' 'शेण, मधोमध.' पूर्ण वाक्य ऐकेपर्यंत ती म्हैस रस्ता ओलांडून गेलेली असते. मागच्याने फक्त 'कळलं' म्हणायचं, तेही जमलं तर. गाव आलं, फाटा आला की मागच्याने 'आलो' म्हणायचं, म्हणजे पुढच्याला आरशात बघत बसावं लागत नाही. वळणात कुणीच बोलायचं नाही, सरळ पट्टा येईपर्यंत थांबायचं.

एक गोष्ट मी माझ्या ग्रुपमध्ये कधीच चालू देत नाही: ओव्हरटेकची हाक. पुढचा टेम्पोच्या पुढे जातो आणि हेडसेटवर म्हणतो, 'ये ये, रिकामं आहे.' त्याच्यासाठी रिकामं होतं. मागचा तीन सेकंदांनी तिथे पोचतो. तुम्ही ताशी 50ने, समोरचा ताशी 50ने. तीन सेकंदांत तुमच्या दोघांमधलं 80 मीटरहून जास्त अंतर संपलेलं असतं. मागच्याने मित्राच्या शब्दावर भरवसा ठेवून गाडी बाहेर काढलेली असते, स्वतः न बघता. हेडसेटवर 'थांब' सांगा, 'समोरून येतंय' सांगा, 'ये' कधीही सांगू नका. ज्याची गाडी त्याचे डोळे.

मागे बसलेल्यांशी गप्पा जरूर मारा, त्यासाठीच तर जोडीने निघताय. फक्त घरातले हिशेब, वाद, ऑफिसचे राग फेरीबोटीवर किंवा चहाच्या टपरीवर काढा.

नकाशाबद्दल थोडं. हा सगळा भाग आदल्या रात्री वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या. नकाशाचा आवाज हेडसेटमध्ये ठेवा, म्हणजे टाकीवरच्या फोनकडे बघावं लागत नाही. बाइकसाठीचा पर्याय निवडलात की तो कधी कधी वाडीतल्या अरुंद वाटांवर घालतो, पुढे जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, लागते आणि श्रावणात तिच्यावर शेवाळ असतं. कानात 'डावीकडे वळा' आलं तरी रस्ता बघून वळा, आणि शंका आली तर दारात बसलेल्या आजोबांना विचारा. 'फेरी टाळा' हा पर्याय चालू राहिलेला असेल तर तो बंद करा, नाहीतर दाभोळहून धोपाव्याला जाण्याऐवजी वाशिष्ठीला मोठा वळसा घालायला लावेल.

पाण्याबद्दल. रत्नागिरीत वर्षाला 3 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच. खोक्यावर आयपी67 असेल तर त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि 1 मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालतं. ही परीक्षा साठलेल्या गोड्या पाण्यातली आहे. ताशी 60ने समोरून येणारा पाऊस म्हणजे फवारा, त्यासाठी शेवटी 5 किंवा 6 आकड्याची वेगळी परीक्षा असते. चालवताना चार्जिंगची रबरी झडप घट्ट बसलेली आहे एवढं बघा. युनिट एवढं टिकतं. मी जास्त वेळा खराब झालेले बघतो ते स्पीकर, कारण ते घामाने आणि ओल्या अस्तराने सतत दमट राहतात. मुक्कामाला अस्तर काढून पंख्याखाली टाका. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो, फेरीवर तर तुषारच उडतात. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने युनिट पुसा, मग कोरड्याने. जॅकची पितळी टोकं हिरवट दिसायला लागली तर तो मिठाचा परिणाम. झडपेच्या आत ओल दिसत असेल तर त्या रात्री चार्जिंग करू नका. आणि हेल्मेट उन्हात सीटवर ठेवू नका, बॅटरी तापून लवकर बसते.

फेरीत चढताना-उतरताना हेडसेटवर शांतता ठेवा. लोखंडी रॅम्प ओला आणि चिखलाचा असतो, बोटीवरचा माणूस हाताने आणि तोंडाने खुणा करतो, त्याचं ऐकायचं असतं. मागे बसलेल्यांना आधी उतरवा, एकेक गाडी चढवा. दुसऱ्याने पहिली गाडी स्टँडवर लागेपर्यंत जेट्टीवरच थांबायचं.

कायद्याचं विचारलं नाहीत, पण लोक विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क-उपकरण वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या वेळी दंड 1 हजार ते 5 हजार रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. हेल्मेटमधला हेडसेट हातात धरलेला नसतो, तरी पोलिसांनी थांबवलं तर गाडी बाजूला घ्या, हेल्मेट काढा, युनिट दाखवा आणि इंटरकॉम आहे म्हणून नीट सांगा.

निघायच्या आठवडाभर आधी चौघांनी हेल्मेट घालून पुण्याजवळच्या एखाद्या छोट्या घाटात तासभर फिरून या. मुळशीपर्यंत गेलात तरी पुरे. कुणाचा कान दुखतो, कुणाचा माइक वारा ओढतो, बटण हातमोज्यात सापडतं की नाही, हे सगळं तिथेच कळेल. जी बटणं लागणार आहेत ती तीनच: आवाज कमी, इंटरकॉम चालू-बंद, आणि आलेला फोन कापणं. ती न बघता सापडेपर्यंत सराव करा, बाकीची विसरलात तरी चालेल.